किलबिल, कूजन आणि पाखरांचं बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक तीन प्रकारच्या माणसांकडून येतात: ‘ध्वनिदर्शक शब्द’ पाठ करणारी शाळेतली मुलं, ताडोबा-नागझिऱ्याला येणारे पाहुणे आणि आपल्याच वावरात रोज पाखरं ऐकणारी, पण त्यांच्यासाठीचे शब्द विसरत चाललेली आपली माणसं. उत्तरं विदर्भातल्या खेड्यात राहून लिहिली आहेत, म्हणून उदाहरणं इथल्याच झाडांवरची आणि शिवारातली आहेत.

किलबिल म्हणजे नेमकं काय?

पुष्कळ लहान पाखरं एकाच वेळी, एकाच ठिकाणी आवाज करू लागली की जो मिसळलेला, बारीक, वेगवेगळा न करता येणारा आवाज होतो, ती किलबिल. यातला ‘पुष्कळ’ हा भाग महत्त्वाचा आहे. एकटी चिमणी वळचणीला बसून आवाज करते ती चिवचिव. त्याच चिमण्या दिवस मावळताना मैनांसोबत चिंचेवर उतरल्या, जागेसाठी भांडू लागल्या, की किलबिल.

हा फरक कानांनी तपासायचा असेल तर तालुक्याच्या एसटी स्टँडजवळचं एखादं जुनं पिंपळाचं किंवा चिंचेचं झाड बघा. सूर्य बुडायच्या आधी अर्धा-पाऊण तास पहिल्या मैना येतात. त्या वेळी प्रत्येकीची शीळ, करकर आणि मधली एखादी नक्कल वेगळी ऐकू येते. थोड्या वेळात थवे वाढतात. फांदीवर एक बसली की दुसरी तिला ढकलते, ती ओरडत वरच्या फांदीवर जाते, तिथली खाली येते. मग एक क्षण असा येतो की कोणती मैना काय म्हणते हे कानाला सुटं करता येत नाही. तिथून पुढे किलबिल. अंधार पडला की दोन-चार मिनिटांत सगळं झाड गप्प होतं.

हा शब्द आला कुठून?

किलबिल हा अनुकरणवाचक शब्द आहे, म्हणजे आवाजाची नक्कल करून घडलेला. संस्कृतात ‘किलकिला’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ आनंदाचा कलकलाट, आणि रामायणातली वानरं हर्षानं असा किलकिलाट करतात. हिंदीतली ‘किलकारी’ त्याच ध्वनीची.

मराठीतल्या किलबिलला तिची स्वतःची घडण आहे आणि ती बघण्यासारखी आहे. आपल्याकडे आवाजाचे शब्द मुख्यतः दोन तऱ्हांनी तयार होतात. एक तऱ्हा म्हणजे तोच तुकडा जशाच्या तसा पुन्हा: चिवचिव, कावकाव, खळखळ, किरकिर. दुसरीत पहिला तुकडा तसाच राहतो आणि दुसरा ‘ब’ घेऊन येतो: गडबड, लुडबुड, चुळबुळ, खळबळ, किलबिल. आता ‘खळखळ’ आणि ‘खळबळ’ शेजारी ठेवून पाहा. ओढा खळखळतो, त्याला एक लय आहे. गावात खळबळ माजते, तिला लय नाही, सगळं ढवळून निघालेलं. चिवचिव आणि किलबिल यांच्यातही तेच अंतर आहे. एकाच पाखराचा एकसारखा आवाज असेल तर शब्दाचे दोन्ही तुकडे सारखे, आणि वेगवेगळ्या पाखरांचा मिसळलेला आवाज असेल तर तुकडे वेगळे. हे कोणी बसून ठरवलेलं नाही. बोलणाऱ्यांच्या कानानं ते घडवलं.

आणखी एक गोष्ट स्वराची. बारीक, उंच आवाजांच्या शब्दांत मराठी बहुधा ‘इ’ वापरते: चिवचिव, टिवटिव, किरकिर, टिकटिक, किलबिल. खोल, भरीव आवाज आला की ‘उ’ किंवा ‘ऊ’ येतो: पारवा घुमतो, घुबड घूत्कार करतं, वानर हुप्प करतं. म्हणून मोठ्या पाखरांच्या थव्याला किलबिल म्हणवत नाही. तळ्यावर शेकडो बदकं असली तरी तो कलकलाट होतो.

किलबिल आणि किलबिलाट, फरक काय?

जोराचा. ‘आट’ लागला की आवाज किंवा उजेड वाढतो: गडगडाट, कलकलाट, लखलखाट. लिंगही बदलतं. ती किलबिल, तो किलबिलाट.

मग कोणत्या पाखराला कोणता शब्द?

परीक्षेत विचारतात ते आधी सांगून टाकतो: मोराचा केकारव, कावळ्याची कावकाव, चिमणीची चिवचिव, घुबडाचा घूत्कार, कबुतराचं आणि पारव्याचं घुमणं, कोंबड्याचं आरवणं, कोकिळेचं कूजन, हंसाचा कलरव. एवढं लिहिलं की गुण मिळतात.

पण गावातलं बोलणं या यादीत मावत नाही. कोतवाल शीळ घालतो, मधेच शिकरा या शिकारी पाखराचा आवाज काढून दुसऱ्या पाखरांना घाबरवतो आणि त्यांचा घास पळवतो. सातभाई कलकलतात, आणि त्यांचा कलकलाट एकाएकी वाढला तर झुडपात साप किंवा मांजर आहे हे गुराख्याला न बघता कळतं. तित्तर भल्या पहाटे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक देतं आणि पलीकडच्या धुऱ्यावरून दुसरं उत्तर देतं. कुंभारकावळा, म्हणजे भारद्वाज, बांबूच्या बेटात ‘ऊप ऊप ऊप’ करून घुमतो, आणि तो आवाज एवढ्याशा पाखराचा असेल यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. हरियल, जो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, वडा-उंबराच्या शेंड्यावर बसून इतकी गोल, माणसासारखी शीळ घालतो की खालचा माणूस ‘कोण रे’ म्हणून वळून बघतो.

या सगळ्यांना ‘किलबिल’ म्हणणं म्हणजे ज्वारी, तूर, जवस सगळ्याला ‘धान्य’ म्हणून मोकळं होणं. चूक नाही, पण ज्याचं शेत आहे त्यानं तसं बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडची म्हातारी माणसं ‘पाखरू बोलते’ म्हणतात. ते अशुद्ध आहे का?

मुळीच नाही. उलट हा आपल्याकडचा सर्वांत जिवंत प्रयोग आहे. वऱ्हाडात मोर बोलते, तित्तर बोलते, टिटवी बोलते. ‘गाते’ हे क्वचितच ऐकू येतं. पहाटे अंगणात आलेला माणूस म्हणतो, ‘मोर बोलून रायला, पानी येते वाट्टे.’

या शब्दामागे समज आहे. बोलणं म्हणजे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगणं. पाखरांचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. पाखराचा आवाज म्हणजे ‘ही जागा माझी’, ‘जोडीदार हवा’, ‘वर ससाणा आहे’, ‘पिल्लांनो गप्प बसा’ अशा गोष्टी. अभ्यासक त्यात दोन भाग पाडतात. छोटी, ठरावीक हाक वर्षभर चालते, आणि लांब, रचलेलं गाणं बहुधा विणीच्या दिवसांत, बहुतेक जातींत नराकडून येतं. हाक आणि गाणं, दोन्ही मावतील असा एकच मराठी शब्द कोणी मागितला तर मी ‘बोलणं’ हाच देईन.

‘कूजन’ फार पुस्तकी वाटतो. तो कुणी वापरतं का?

वापरतं, आणि रोज वापरतं. ज्या घरात दिवेलागणीला रामरक्षा म्हणतात त्या घरात ‘कूजन्तं रामरामेति मधुरं मधुराक्षरम्’ ही ओळ येतेच. कवितेच्या फांदीवर बसून ‘राम राम’ असं कूजन करणाऱ्या वाल्मीकिरूपी कोकिळाला तिथे वंदन केलं आहे. ‘कूज्’ हा संस्कृत धातू, अर्थ मंजूळ, अस्पष्ट आवाज करणं. किलबिल थव्याची, तर कूजन एका पाखराचं आणि गोड असायलाच हवं. कावळ्याच्या आवाजाला कोणी कूजन म्हणत नाही.

कावळ्याला जुन्या मराठीत त्याचं स्वतःचं क्रियापद होतं. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ असं आहे. कावळा ‘कोकतो’. ते क्रियापद आज एकटं फारसं भेटत नाही, पण ‘कशाला कोकलतेस’ असं आई लेकीला म्हणते तेव्हा त्याच ध्वनीचा शब्द तोंडात असतो. अंगणात कावळा बोलला की पाहुणा येणार हा समजही त्या अभंगाइतका जुना आहे.

केकारव, कलरव, आरवणे यांचं एकमेकांशी नातं आहे का?

आहे. तिन्हींच्या पोटात ‘रव’ आहे, म्हणजे आवाज. ‘केका’ हा मोराच्या आवाजासाठीचा स्वतंत्र शब्द, त्यावरून मोराला ‘केकी’. त्याला रव जोडला की केकारव. ‘कल’ म्हणजे कोवळा, मधुर, नीट उमटत नसलेला, त्याचा कलरव. ‘आरव’ म्हणजे आवाज, त्यावरून आरवणे.

गंमत अशी की संस्कृतातून आलेल्या या घराण्यातलं ‘आरवणे’ थेट कोंबड्याच्या खुराड्यात जाऊन बसलं. केकारव पुस्तकात राहिला. गावात मोर ‘बोलते’ किंवा ‘ओरडते’.

पावशा खरंच ‘पेरते व्हा’ म्हणतो का?

मराठी कानाला तो तसंच म्हणतो. उन्हाळा चढला की हे पाखरू बोलायला लागतं. तीन तुकड्यांची शीळ, दर वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत, चढत चढत शेवटी तुटून थांबते आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू होते. ढगाळ रात्री रातभर चालतं. त्यातून आपल्या लोकांनी ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ऐकलं. नातू विचारतो, ‘आबाजी, थे पाखरू काय म्हंते?’ आबाजी तिफणीचा फण ठोकता ठोकता सांगतात, ‘पेरते व्हा म्हंते, अखीन काय!’

हेच पाखरू हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ म्हणतं, म्हणजे विरहिणीसारखं प्रियकराला शोधतं. बंगालात ते ‘चोख गेलो’ म्हणतं, म्हणजे ‘डोळा गेला’. पाखरू एक, आवाज एक. ज्या माणसाला जे हवं होतं ते त्यानं ऐकलं, आणि मराठी माणसाला पेरणी हवी होती. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या मुलखानं एका पाखराच्या तोंडी हाच शब्द का घातला असेल, हे वऱ्हाडात वेगळं समजवावं लागत नाही. त्याचं नावही पावसावरूनच पडलं.

पावशा दिसायला शिकऱ्यासारखा, करडा, छातीवर पट्टे. स्वतः घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. हिवाळ्यात तो जवळपास मुका असतो, म्हणून लोकांना वाटतं की तो कुठूनतरी पाऊस घेऊन येतो. खरा दुरून येणारा तो चातक, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला. तो मान्सूनच्या वाऱ्यांसोबत आफ्रिकेकडून येतो. या दोघांची गल्लत फार होते.

पावशा बोलला म्हणजे पेरणी करावी का?

नाही. हे ठामपणे लिहितो, कारण यात बियाण्याचा पैसा जातो. पावशाचं बोलणं त्याच्या विणीशी बांधलेलं आहे, आणि पाऊस यायच्या कितीतरी आधी, मार्च-एप्रिलपासून तो बोलत असतो. मृग लागला आणि एक सर पडली तरी जमिनीत ओल पुरेशी नसते. कृषी विभाग 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा असं सांगतो. त्याआधी सोयाबीन टाकलं आणि पावसानं खंड दिला तर दुबार पेरणी ठरलेली. ‘पेरते व्हा’ ऐकून तिफण, बियाणं, बैल तयार ठेवा. बी कधी टाकायचं हे मात्र मातीला विचारा.

कोकिळा गाते की कोकीळ गातो?

गातो. ‘कुहू कुहू’ करणारा नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा तुटक. कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायचं असतं तेव्हा नर समोर ओरडून कावळ्यांना मागे लावून नेतो आणि मादी आपलं काम उरकते. आपल्या भाषेनं मात्र गोड गळ्याच्या बाईला ‘गानकोकिळा’ म्हटलं, आणि ते आता इतकं रुजलं आहे की बदलायचं कारण नाही. निबंधात मात्र ‘कोकीळ गातो’ लिहावं.

संगीताच्या जुन्या ग्रंथांत सात स्वर प्राण्या-पाखरांच्या आवाजांशी जोडले आहेत. त्यात षड्ज मोराचा, मध्यम क्रौंचाचा आणि पंचम कोकिळाचा. ‘कोकिळेचा पंचम’ हा वाक्प्रयोग तिथला.

पाखरांची नावंही आवाजावरून पडली का?

बरीचशी. ‘काक’ म्हणा, डोळे मिटा, कावळा दिसतो. ‘कोकिल’, ‘कुक्कुट’ तसेच. ‘तित्तिरि’ वरून तित्तर, ‘टिट्टिभ’ वरून टिटवी. टिटवी तर अजूनही स्वतःचंच नाव ओरडत माळावर फिरते. क्रौंच हे नावही त्या पाखराच्या हाकेवरूनच. चिमणीचं मात्र तसं नाही. ती आकारावरून चिमणी, चिमुकली. आणि ‘पाखरू’ हा शब्द पंखावरून आला: संस्कृत ‘पक्ष’, प्राकृतात ‘पक्ख’, मराठीत ‘पाख’ आणि मग पाखरू.

वऱ्हाडीत, झाडीत आणि गोंडीत शब्द वेगळे आहेत का?

आहेत. वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया. भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतच्या झाडीपट्टीत त्याच ‘ळ’ चा ‘र’ होतो, डोळ्याचा डोरा. त्याच वळणानं कावळा एकीकडे कावया आणि दुसरीकडे कावरा. कोकिळेला दोन्हीकडे पुष्कळ माणसं हिंदीसारखं ‘कोयल’ म्हणतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नागपूर, अमरावतीच्या बाजारात हिंदी रोज कानावर पडते.

गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंडी बोलणारी माणसं पाखराला ‘पिट्टे’ म्हणतात. तेलुगूत ‘पिट्ट’. यात एक सुंदर गोष्ट लपली आहे. पाऊस आला की विदर्भाच्या जंगलात वीण घालायला एक रंगीबेरंगी, आखूड शेपटीचं पाखरू येतं, ज्याला आपण नवरंग म्हणतो. जगभरचे शास्त्रज्ञ त्याला ‘पिट्टा’ म्हणतात, आणि ते नाव या तेलुगू शब्दावरूनच गेलं आहे. नवरंग पालापाचोळ्यात फिरतो, दिसत नाही. दोन स्वरांची स्वच्छ शीळ तेवढी ऐकू येते, मुख्यतः पहाटे आणि सांजेला. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचं पाखरू’ अशा अर्थाचं नाव आहे. जून-जुलैत नवेगाव किंवा नागझिऱ्याकडे असाल तर सहाच्या सुमारास कान उघडे ठेवा.

सारसाच्या आवाजाला शब्द आहे का?

सारस महाराष्ट्रात आता गोंदिया आणि भंडाऱ्याच्या भातबांध्यांत आणि तलावांवरच उरला आहे. उभा राहिला तर जवळपास सहा फूट. नर आणि मादी माना उंचावून, चोची आभाळाकडे करून एकमेकांच्या हाकेत हाक मिसळतात. तो आवाज मैलभर जातो, कारण त्यांची श्वासनळी छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते आणि ती तुतारीसारखी घुमते. जोडीनं बोलणं ही यांची खूण आहे. एकानं सुरुवात केली की दुसरा पूर्ण करतो. ‘सारसाची जोडी बोलते’ हा प्रयोग त्यामुळे अगदी नेमका आहे. मी दुसरा शब्द शोधणार नाही.

वाल्मीकींच्या पहिल्या श्लोकामागे जी क्रौंचाची जोडी आहे, ती सारसाचीच असावी असं काही अभ्यासक मानतात. जोडीदार पडल्यावर ओरडणाऱ्या पाखराच्या आवाजातून शोक झाला आणि शोकातून श्लोक, ही कथा सारसाची हाक प्रत्यक्ष ऐकल्यावर मला जास्त पटते.

टिटवी रात्री बोलली तर अपशकुन असतो का?

नाही. टिटवी जमिनीवर, उघड्या माळावर चार खड्यांमध्ये अंडी घालते. कुत्रं, कोल्हा, मुंगूस, माणूस, कुणीही जवळून गेलं की ती उठून ओरडते. रात्री ओरडली म्हणजे कोणीतरी माळावरून चाललं आहे, एवढंच. चोर येत असेल तर तीच पहिली सांगेल. पिंगळ्याचंही तसंच. त्याच्या किचकिचाटाला लोक घाबरतात, पण तो गोठ्याजवळचे उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलं करतो. आणि त्याचा दुर्मिळ भाऊबंद, रानपिंगळा, 1884 नंतर कुणाला सापडला नव्हता, तो 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा दिसला. आज मेळघाट त्याच्या मोठ्या आधारांपैकी एक आहे. त्याला अपशकुनी म्हणून दगड मारणं थांबलं पाहिजे.

पाखरं पहाटेच एवढी का बोलतात?

पहाटे हवा स्थिर असते, इतर आवाज कमी, त्यामुळे हाक दूर जाते. उजेड कमी असल्यानं चारा शोधायला अजून वेळ असतो. विदर्भाच्या मे महिन्यात तर पर्यायच नाही. दहा वाजल्यानंतर पारा चढला की चोची उघड्या टाकून सावलीत बसायचं. पाखराचा आवाज गळ्यातून न येता श्वासनळी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथून येतो, म्हणून काही पाखरं एकाच वेळी दोन स्वर काढू शकतात.

आमच्या शिवारात पूर्वीसारखी किलबिल राहिली नाही. का?

कारणं एकाहून जास्त आहेत, पण वऱ्हाडापुरतं एक कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. ज्वारी असताना भोरड्या यायच्या, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. या दूरच्या मुलखातून हिवाळ्यासाठी येणाऱ्या मैना. हजारोंनी उतरायच्या. शेताच्या मधोमध माळा बांधलेला असायचा, त्यावर पोरगं गोफण घेऊन बसायचं. ‘हाऽऽर्र’ करून खडा सुटला की आख्खं शेत उठून आभाळात जायचं, वळायचं आणि पलीकडच्या वावरात बसायचं. कणसावर बसल्या असताना त्यांचा जो आवाज व्हायचा, त्याला किलबिल हा शब्द कमीच पडायचा.

सोयाबीनमध्ये भोरडीला कणीस नाही. मग माळा गेला, गोफण गेली, दिवसाची राखण गेली. आता रानडुकरांसाठी रात्रीची जागल तेवढी उरली. धुऱ्यावरच्या बोरी, बाभळी ट्रॅक्टरला अडचण म्हणून निघाल्या, तिथले होले आणि सुगरणी गेल्या. कौलारू घरांच्या जागी स्लॅब आल्या, तशा चिमण्यांच्या जागा घटल्या. फवारणीनं किडे मेले आणि त्यांवर पिल्लं वाढवणारी पाखरं उपाशी राहिली.

उपाय मोठे नाहीत. धुऱ्यावर दोन झाडं राहू द्या. ज्वारीचे चार तास, म्हणजे ओळी, घरच्यासाठी तरी पेरा, कडबाही मिळेल. घर बांधताना भिंतीत एक-दोन भोकं सोडा.

‘पक्षाचा आवाज’ की ‘पक्ष्याचा आवाज’?

पक्ष्याचा. ‘पक्षाचा आवाज’ म्हणजे राजकीय पक्षाचा. वर्तमानपत्रांतही ही चूक रोज दिसते. समासात मात्र पहिली वेलांटी येते: पक्षिकोश, पक्षिमित्र, पक्षिगान. गोंधळ होत असेल तर ‘पाखराचा’ लिहा. तो शब्द आपला आहे आणि कुठेच अडत नाही.

माणसांना ‘कावकाव’, ‘टिवटिव’ म्हणतात ते यातूनच?

हो, आणि बहुधा तक्रारीच्या सुरात. मुलांना मात्र ‘किलबिल’ म्हणतात आणि ते लाडानं. 2006 मध्ये ट्विटर आलं आणि पुढे मराठी बातम्यांनी ‘टिवटिव’ हा शब्द उचलला. 2023 मध्ये त्या कंपनीनं नाव बदलून एक्स केलं, तरी टिवटिव गेली नाही.

पाखरांसाठी नवे मराठी शब्द कुणी घडवले का?

या कामात पहिलं नाव मारुती चितमपल्लींचं. 5 नोव्हेंबर 1932 ला सोलापुरात जन्म, वनखात्यात नोकरी, आणि आयुष्यातली महत्त्वाची वर्षं नवेगावबांध-नागझिऱ्याच्या जंगलात. आदिवासी, मासेमारी करणारे ढीवर, गुराखी यांच्या तोंडचे शब्द त्यांनी जमवले, संस्कृत ग्रंथ धुंडाळले आणि मराठीला पक्षिकोश दिला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांच्यामुळे रूढ झाले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात.

शाळेत याचा उपक्रम कसा घ्यावा?

मुलांना यादी पाठ करायला लावू नका. घरच्या सगळ्यांत वयस्कर माणसाला एकच प्रश्न विचारायला सांगा: ‘हे पाखरू काय म्हंते?’ उत्तर जसंच्या तसं, घरच्या बोलीत लिहून आणायचं. ‘बोलते’ लिहिलं तर ‘गातो’ करून लाल शाई मारू नका. कोरकू, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या घरातला मुलगा असेल तर त्याचा शब्द फळ्यावर पहिला लिहा. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर ऐकलं हे बाजूला टिपायचं. शक्य असेल तर मोबाइलवर पाखराचा आणि आजीचा, दोघांचेही आवाज भरून ठेवावेत. सुरुवात मार्चअखेर करावी, तेव्हा पावशा, कोकीळ, कुंभारकावळा सगळे बोलत असतात आणि शाळाही सकाळची असते.